ओहोटीचे टक्के

९ फेब्रुवारी

ती. ताई,

सा. न. पत्राला फार उशीर झाला, क्षमा असावी. सव्वा वर्षात आपल्यात एक ओळही गेली-आली नाही. मी दोनदा लिहायला बसले होते. दोन्ही वेळा पहिल्याच परिच्छेदात स्वतःची बाजू मांडू लागले आणि ते पान फाडून टाकलं. आज ऑफिसचं काम आहे, त्यामुळे तसं होणार नाही अशी आशा आहे.

खाडीतल्या समुद्रगवताची पाहणी तुमच्याकडून माझ्याकडे आल्यानंतरची पहिली पूर्ण फेरी संपली. मोजणीच्या नकाशावरच्या त्याच तीन ओळी, त्यांच्यावर जागोजागी ठेवून बघायची तीच पीव्हीसीची चौकट. तिच्या कोपऱ्याला तुम्ही गुंडाळलेली लाल चिकटपट्टी अजून टिकून आहे. निकाल चांगला नाही. तुमच्या शेवटच्या अहवालात चौकटीतली सरासरी सत्तर टक्के जमीन गवताखाली होती. माझी चौतीस आली आहे.

नियम तुम्हाला पाठ आहे, तरी कागदावर असावा म्हणून लिहिते. पन्नासच्या खाली गेलं की कुरण 'खराब' धरतात आणि संरक्षित यादीतून त्याचं नाव काढता येतं. बंदर मंडळाला धक्का वाढवायचा आहे, त्यासाठी खाडीचा तळ उपसायचा आहे, आणि त्यांच्या वाटेत यादीतलं हे एकच नाव उभं आहे. सुनावणी २४ मार्चला आहे. मरायला टेकलेलं गवत कशाला राखायचं, असं ते म्हणणार, आणि पुरावा म्हणून माझाच अहवाल दाखवणार.

आधी पाहणी करणाऱ्याचं म्हणणं सोबत जोडायची ऑफिसची पद्धत आहे. म्हणून विचारते: शेवटच्या दोन-तीन वर्षांत तुम्हाला घट जाणवली होती का? की झाली असूनही दिसली नसेल? हे विचारताना मला बरं वाटत नाही. तुमच्या मोतीबिंदूबद्दल ऑफिसला मीच कळवलं होतं, हे तुम्ही विसरला नसाल. ते खरं होतं म्हणून कळवलं, आजही कळवेन. पण कळवताना मला थोडं समाधान वाटलं होतं का, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

तुमचा भाऊ बरा आहे. बोट रंगवून झाली.

तुमची भावजय


१६ फेब्रुवारी

भावजयबाई,

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू गप्प बसतेस, मग मीच बडबडते, आणि शेवटी भांडखोर मी ठरते. लिही. लिहिलेलं नंतर नाकारता येत नाही.

सत्तरचे चौतीस झाले म्हणे. अगं, ते कुरण आहे, तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावरचे केस नव्हेत, की बघता बघता निम्मे जावेत. खाडीत तेल सांडलं नाही, पूर आला नाही, पाणी तापलं नाही. बदलली ती फक्त मोजणारी. मग कशात खोट असेल, हे तुझ्या डिग्रीला कळत नाही का?

घट जाणवली का, म्हणून विचारतेस. नाही जाणवली. दिसली नसेल का, म्हणून विचारतेस. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात होता, गवतात नव्हता. आणि एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन गेलं, तुला कोणी सांगितलं नसेल. माझ्या धाकट्या भावाला माझ्याबद्दल काही सांगायची घरात सोय नाही, हे मला माहीत आहे. इथे तिसऱ्या मजल्यावरून मला खालच्या टायरच्या दुकानात कोण किती हवा भरतो तेही वाचता येतं.

मला आणखीही दिसतं. तू घरात आलीस तेव्हा माझी खोली घेतलीस. दिली. मग कपाट घेतलंस. दिलं. माझे गमबूट कोणाला तरी देऊन टाकलेस, तेही न विचारता. मग काम घेतलंस. माझ्याकडे राहिली होती ती एकोणीस वर्षं, चिखलात उभं राहून भरलेली. आता तीही खोटी ठरली की तुझं घर नीट लागलं.

माझं म्हणणं अहवालाला जोडायचं आहे ना? जोड. 'नव्या बाईंना गवत मोजता येत नाही.' एवढंच. सुनावणीलाही हेच लिहून पाठवणार आहे, वेगळ्या पाकिटात, म्हणजे वाटेत गहाळ होणार नाही.

बोटीला रंग कोणता दिला? बाबांचा निळा सोडून दुसरा दिला असेल तर कळवू नकोस.

तुझी नणंद, कागदोपत्री


२२ फेब्रुवारी

ती. ताई,

सा. न. पाकिटावर तुमचं अक्षर बघून तुमच्या भावानंच पत्र आधी फोडलं. वाचून म्हणाला, "तुम्ही दोघी भांडा, मला खांबासारखं मध्ये उभं करू नका." मग बोटीवर गेला. केसांबद्दल काही बोलला नाही, पण टोपी घालून गेला. रंग निळाच आहे.

गमबूट मी दिले, खरं आहे. विचारायला हवं होतं, तेही खरं. पण का दिले ते ऐका. कुरणावरून चालू नये असं आता सगळीकडे मानतात. एका पावलाखाली जमिनीलगतचं खोड दबतं आणि नवे कोंब मोडतात. तुम्ही एकोणीस वर्षं ज्याची काळजी केलीत, त्याच्यावरूनच चालत गेलात. हे मी अहवालात लिहिलेलं नाही. तुम्हाला मात्र लिहिते, कारण तुम्ही माझं काहीच सोडलं नाही.

मी पाण्यातून मोजते. भरती पूर्ण झाली आणि पाणी थांबलं की मी स्नॉर्केलची श्वास घ्यायची नळी लावून उतरते, चौकट अलगद तळावर ठेवते आणि वरून पाहते. गढूळ असेल त्या दिवशी जात नाही. प्रशिक्षणात आम्हाला चौकटींचे फोटो दाखवून परीक्षा घेतात. त्यात माझा अंदाज फारसा चुकला नव्हता. तरीही तुमचं पत्र वाचून पुन्हा गेले, पहिल्या ओळीवरच्या दहा चौकटी नव्यानं पाहिल्या. आकडा हलला नाही.

मग साहेबांकडे गेले. म्हटलं, मला शंका वाटते. "कशाची?" म्हणाले. मला सांगता येईना. "बाई, शंकेला आमच्याकडे रकाना नाही," म्हणाले, "आकडा आला तो आला."

एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहिली. तिसऱ्या ओळीवर वाळूचे तीन मोठे गोल चट्टे आहेत, आत गवताची काडी नाही. त्या ओळीनंच सरासरी सगळ्यात खाली ओढली. अहवालात मी त्यांच्यापुढे 'कारण अज्ञात' असं लिहिलं आहे. तुमच्या कुठल्याच अहवालात ते नाहीत. नव्हते, की दिसले नाहीत?

सोबत फोटो पाठवते. डोळा बरा झाला आहे तर बघा. मी हे टोमण्यानं लिहिलेलं नाही, असं लिहिणार होते. पण थोडं आहे.

तुमची भावजय


१ मार्च

भावजयबाई,

फोटो बघितले. आधी साध्या डोळ्यानं, मग भिंगातून. प्रथम वाटलं, तू भलत्याच खाडीचे पाठवलेस. माझं गवत मी अंधारात हात लावून ओळखेन, आणि तुझ्या फोटोतलं मला उजेडात ओळखू येईना. फोटो टेबलावर ठेवून मी दुसरी कामं करत होते आणि येता-जाता तुला शिव्या देत होते. दूध उतू गेलं, तेही तुझ्याच नावावर मांडलं.

मग लक्षात आलं. तुझं गवत उभं आहे.

मी एकोणीस वर्षांत ते उभं बघितलेलंच नाही. मी उधाणाच्या ओहोटीला जायचे. पाणी पार निघून जातं, तळ उघडा पडतो आणि गवत सगळं एका अंगाला झोपतं, तेल लावून विंचरल्यासारखं. एकेक पातं बोटभर रुंद पट्टी झाकून टाकतं. वरून वाळू दिसतच नाही. तू जातेस पूर्ण भरतीला. तेव्हा तेच पातं पाण्यात सरळ उभं असतं, वरून दिसतं ते त्याचं टोक, आणि भोवतीची वाळू तू 'गवत नाही' म्हणून मोजत बसलीस. चटईवर माणूस आडवा झाला काय आणि उभा राहिला काय, चटई सारखीच झाकली जाते का गं? हे परीक्षेच्या फोटोंत नव्हतं वाटतं.

गवत कुठेही गेलेलं नाही. तुझ्या पद्धतीनं मारलं त्याला.

आणि ही पद्धत तू कोणाला विचारून बदललीस? मला विचारायला हवं होतंस. पण मला विचारायचं म्हणजे माझ्याशी बोलणं आलं. ऑफिसनं सांगितलं होतं, आठवडाभर दोघींनी बरोबर उतरा आणि मग काम सोपवा. तू म्हणालीस, गरज नाही. आता त्या आठवड्याची किंमत कुरण देणार आहे. मी नाही आणि तू पण नाही.

त्या चट्ट्यांचं सोड. मूळ चूक बघ.

तुझी नणंद


५ मार्च

ती. ताई,

सा. न. तुमचं बरोबर आहे.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि घरभर फिरून आले. तुमचं पत्र घेऊन ओहोटीला खाडीवर गेले. लांबून, काठावरूनच बघितलं. गवत तुम्ही लिहिता तसंच झोपलेलं होतं. मी हे आधीही शंभरदा पाहिलं आहे, त्या वाटेनं रोज जाते. पण पाहणीचं पाहायचं वेगळं आणि येता-जाता पाहायचं वेगळं, असे मी माझ्या डोक्यात दोन कप्पे केले होते. या चुकीला मला दुसरं कोणी सापडत नाही.

एक दुरुस्ती मात्र करते. 'गरज नाही' असं मी म्हटलं नव्हतं. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "तिला सगळं येतं, तिला काय शिकवायचं." त्यावर मी 'बरं' म्हटलं. त्या 'बरं'ची जबाबदारी माझी आहे. आधीच्या वाक्याची नाही.

आता पुढचं वाचा, ते तुम्हाला आवडणार नाही. उभ्या गवताचा आकडा कमी येतो, तसा आडव्याचा जास्त येतो. तुमचे सत्तर हे ओहोटीचे सत्तर आहेत. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतील, पण एकमेकांशेजारी ठेवले की दोन्ही फुकट. कोंब मोजले असते तर प्रश्नच आला नसता. ते तुमच्या नोंदींत नाहीत आणि माझ्याही नाहीत. सुनावणीत मी नुसतं 'पद्धत चुकली' म्हटलं तर मंडळाचा वकील म्हणेल, म्हणजे कुरण बरं आहे की खराब हे कोणालाच माहीत नाही, मग यादीत कशाला ठेवता? गप्प बसले तर चौतीसवर निकाल लागेल. दोन्हीकडून तळ उपसला जाईल.

एक वाट दिसते. १९ मार्चला मोठी ओहोटी आहे. त्याच चौकटी सकाळी ओहोटीला पायी आणि दुपारी भरतीला पाण्यातून, दोघींनी बघायच्या. मग उभ्याचे किती म्हणजे आडव्याचे किती, हे सांगता येईल. माझ्या एकटीच्या आकड्यावर वकील विश्वास ठेवणार नाही, तुमच्या एकटीच्याही नाही. एकमेकींवर अजिबात विश्वास नसलेल्या दोघींचा आकडा जुळला, तर मात्र त्याला ठेवावा लागेल.

तुमची खोली रिकामी आहे. कपाटात माझे कपडे आहेत, ते काढते.

तुमची भावजय


८ मार्च

भावजयबाई,

येणार नाही.

चूक तुझी, निस्तरायला मी. मी आले तर लोक म्हणतील, बघा, दोघींनी मिळून किती छान मार्ग काढला. मला तुझ्याबरोबर छान दिसायचं नाही.

तिसरी ओळ सोडून दे. पहिल्या दोन पुरेत. का ते विचारू नकोस.

कपडे कपाटातच राहू देत.

नणंद


२१ मार्च

भावजयबाई,

पोचले. काही विसरलेलं नाही, तेव्हा मागून काही पाठवू नकोस.

मी आले ती गवतासाठी. तू बसस्टँडवर यायची गरज नव्हती, मला त्या गावात रस्ता विचारावा लागत नाही. कपाट रिकामं केलेलं बघितलं. मी त्यात काही ठेवलं नाही, बॅग खुर्चीवरच होती, हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

परवाचा दिवस मी इथे माझ्या अक्षरात लिहून ठेवते, म्हणजे पुढे तुझ्या आठवणीवर अवलंबून राहायला नको. सकाळी ओहोटीला आपण दोघी अनवाणी उतरलो. तू अशी चालत होतीस, जणू झोपलेल्या पोरांमधून वाट काढते आहेस. मी म्हटलं, "अगं, ते उठून रडणार नाही." तू हसली नाहीस. तुझा आकडा तू तुझ्या पाटीवर लिहायचीस, मी माझ्या, आणि मग दोघींनी मोठ्यानं वाचायचा. पहिल्या चौकटीला तू पंचावन्न, मी सत्तावन्न. दुसरीला दोघी साठ. पुढेही तसंच. तिसऱ्या-चौथ्या चौकटीनंतर तू माझ्याकडे बघायचं सोडलंस. माझा डोळा ठीक आहे, हे तुला स्वतःच्या हातानं लिहावं लागलं. त्यासाठी बसचं तिकीट काढलं ते वसूल झालं.

दुपारी तू पाण्यात आणि मी बोटीतून, काचेच्या तळाच्या बादलीतून. उभं गवत मी पहिल्यांदा बघितलं. त्याबद्दल काही लिहिणार नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात हिशेब केला. तुझे उभे चौतीस म्हणजे आडवे अठ्ठेचाळीस. पन्नासला दोन कमी. पहिल्या दोन ओळी साठवर आहेत. माझ्या वेळी सत्तर होत्या, म्हणजे थोडं खरंच गेलं आहे, आणि ते माझ्या डोळ्यादेखत गेलं असणार, एका वर्षात नव्हे. तुला हवं होतं ते मिळालं. पण खाली ओढते आहे ती तिसरी ओळ. तू तिचं नाव काढलंस आणि धाकटा टेबलावरून उठून बाहेर गेला. तू त्याच्या पाठीकडे बघितलंस, मी तुझ्याकडे.

आता स्पष्ट लिहिते. ते चट्टे जुने आहेत. बाबा होते तेव्हापासून बोट तिथे बांधतात. तळाशी सिमेंटचा ठोकळा, ठोकळ्याला साखळी, साखळीच्या टोकाला बोट. पाणी फिरलं की बोट फिरते, साखळी तळ खरवडत तिच्यामागे जाते आणि गवत मुळासकट निघतं. ठोकळा दोनदा हलवला म्हणून चट्टे तीन. नकाशावरची ओळ नेमकी त्यांच्यावरून जाते. पहिल्याच वर्षी मी ते लिहिलं असतं तर बोट तिथून उठवली असती, आणि तेव्हा घर त्या बोटीवर चालत होतं. मी ओळ आठ पावलं पूर्वेला घेतली. पुढेही दरवर्षी तिथेच मोजली. आठ पावलांत काय खोटं आणि काय खरं, याचा हिशेब मी माझ्यापुरता केला आहे, तुझी मदत नको.

तर तूही आठ पावलं पूर्वेचीच धर. परवा तू पाय धुवायला गेलीस तेव्हा मी तिथल्या चौकटी बघून घेतल्या. चोपन्न आहे. सरासरी अठ्ठावन्न होईल, नाव यादीत राहील. जुन्या जागेची तुलना जुन्या जागेशी, यात बेकायदा काही नाही. कोणाला काही सांगायचं नाही.

आणि मला नीतीचे धडे देऊ नकोस. 'कारण अज्ञात' असं तू लिहिलंस. त्या साखळीला लावलेल्या ग्रीसचे डाग तू दर आठवड्याला त्याच्या शर्टावरून घासून काढतेस. मी जागा लपवली, तू कारण लपवलंस, आणि तेही एकाच माणसासाठी. फरक इतकाच, की मी करताना आव आणला नाही.

नणंद


२५ मार्च

ती. ताई,

सा. न. सुनावणी काल झाली. आधी निकाल सांगते: कुरणाचं नाव यादीत राहिलं. 'बरं' असा दर्जा, एका वर्षासाठी. तळ उपसायची परवानगी नाकारली. हे नीट वाचून घ्या, कारण पुढचं वाचून तुम्ही पत्र फाडाल.

तुमची आठ पावलं मी गुपचूप वापरणार होते. तिथल्या चौकटी स्वतः बघून तसा अहवाल टाइपही केला होता. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, मी पुन्हापुन्हा तपासलं. मग लक्षात आलं, 'कारण अज्ञात' लिहिलं तेव्हाही मी असंच तपासलं होतं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं, की साखळी तळाला घासताना मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, म्हणून मला माहीत आहे असं म्हणता येणार नाही. इतकी काटेकोर मी दुसऱ्या कुठल्या रकान्यात नव्हते. तुम्ही ते ग्रीसच्या डागांवरून ओळखलंत, त्याचा राग अजून गेलेला नाही.

नकाशा मंडळाकडेही होता. वकिलानं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे चट्टे या वर्षी पडलेत?"

"नाही. जुने आहेत."

"आधीच्या एकाही अहवालात नाहीत ते?"

"ओळ आठ पावलं पूर्वेला मोजली जात होती."

"कोण मोजत होतं?"

मी सांगितलं.

"त्या तुमच्या कोण?"

"नणंद."

"आणि चट्टे कशानं पडले?"

"बोटीच्या साखळीनं."

"बोट कोणाची?"

"माझ्या नवऱ्याची."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वकिलानं अहवालाचं पान उलटलं. "मग इथे 'कारण अज्ञात' कोणी लिहिलं?"

"मी."

तेव्हा सगळेच हसले. साहेब हसले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते.

यानंतर सगळं मोडलं असं मला वाटलं. पण अध्यक्षबाईंनी दोन्ही पाट्या मागवल्या, तुमची आणि माझी, शिवाय तुमचं वेगळ्या पाकिटातलं पत्र. चौकटीमागून चौकट लावून बघितली. मग म्हणाल्या, "या दोघींनी एकमेकींची एवढी उणीदुणी काढली आहेत, त्यांनी संगनमत केलं असेल असं मला वाटत नाही." चट्टे जुनेच आहेत, तेव्हा त्यांना या वर्षीची घट धरता येणार नाही, आणि जुन्या जागेची तुलना जुन्या जागेशी, असं ठरलं. म्हणजे तुमचे अठ्ठावन्नच धरले. तुम्ही म्हणत होता तोच आकडा. फक्त सांगून.

त्याची किंमत लिहिते. तुमच्या एकोणीस वर्षांच्या तिसऱ्या ओळीवर शेरा पडणार आहे, 'जागा बदललेली'. पहिल्या दोन ओळी ग्राह्य आहेत. माझ्या नावावर ताशेरा आहे आणि पुढच्या पाहणीत माझी एकटीची सही चालणार नाही. बोट महिन्याच्या आत त्या जागेवरून उठवायची आहे.

म्हणजे मी पुन्हा एकदा तुमच्याविरुद्ध ऑफिसला कळवलं. या वेळी समाधान वाटलं का, हे तपासलं. तुमचं नाव उच्चारताना नाही. 'आठ पावलं' म्हणताना, हो, जरासं. मी हे खऱ्यासाठी केलं, की पकडले जाईन या भीतीनं, की तुमच्यावर कुरघोडी करायची संधी होती म्हणून, ते मला वेगवेगळं काढता येत नाही. कुरण वाचलं, एवढं माझ्याशिवायही खरं आहे.

क्षमा मागत नाही. तुम्ही दिली नसतीच, आणि मागितली असती तर त्याबद्दलही चार ओळी आल्या असत्या.

घरी आले तर तुमचा भाऊ दारात बसला होता. त्याला आधीच कोणीतरी सांगितलं होतं. म्हणाला, "ताई होती तेव्हा माझ्या साखळीखाली गवत मरत नव्हतं." मी म्हटलं, "मरत होतं. मोजत नव्हती." आज सकाळी साखळी सोडवायची पकड कपाटाच्या वरून काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेला. काढायची तर तूच काढ, असा त्याचा अर्थ मी घेतला. दुसराही काही असेल, पण मला तोच सोयीचा आहे.

पुढच्या वर्षी याच ओहोटीला पुन्हा मोजायचं आहे. दुसरी सही तुमची लागेल. येणार नाही असं पत्र तुम्ही लिहालच, त्याची वाट बघेन.

तुमची भावजय

उद्या: ओहोटीला ठोकळ्यावरून साखळी सोडवणे.